एक मिनिट चाळीस सेकंदांचा अंधार

“तो काळा तुकडा उडव आधी,” कानिफनाथशेठ माझ्या खुर्चीमागं उभं राहून म्हणाले. “लोक म्हणतील, नाथ व्हिडिओचा कॅमेराच बिघडलाय.”

कॉम्प्युटरच्या पडद्यावर काळोख होता. स्पीकरमधून पंचशील मात्र स्वच्छ ऐकू येत होतं. बौद्धाचार्य एक ओळ सांगत, मागून सगळे म्हणत, आणि एक जाडाभरडा आवाज दरवेळी सगळ्यांच्या मागं राहत होता. तो आवाज रंभाजीकाकांचा.

रंभाजीकाका आमच्या दुकानाचे लाईटवाले. अकरा वर्षं देवळाली प्रवरेच्या आसपासच्या लग्नांत कॅमेऱ्याशेजारी हॅलोजन उंच धरून उभे राहिलेले. किती नवऱ्या त्यांच्या उजेडात लाजल्या असतील, पण एकाही कॅसेटमध्ये काका नाहीत. फार तर कोपऱ्यात त्यांची केबल दिसायची.

स्वतःच्या मुलीच्या, जयमालाच्या लग्नातही लाईट त्यांनीच धरला. शेठनी शूटिंग भेट दिलं होतं, पण दुसरा लाईटवाला काही दिला नाही. शेठच्या भेटी अशाच असतात. समाजमंदिरात संध्याकाळ झालेली, बल्ब मिणमिणते. पंचशीलाच्या वेळी बौद्धाचार्यांनी मुलीच्या वडिलांना पुढं बोलावलं. तापलेला हॅलोजन तसाच खाली ठेवला असता तर सतरंजी पेटली असती. काकांनी तो बंद केला, खुर्चीखाली सरकवला आणि पांढऱ्या साडीतल्या मुलीशेजारी हात जोडून उभे राहिले. पंचशील संपल्यावर परत येऊन लाईट लावला. शेठचा कॅमेरा तेवढा वेळ चालूच होता.

नव्व्याण्णव सालची गोष्ट आहे ही. आमच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क चार जीबीची. म्हणून कॅसेट वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांनी आत घ्यायची, तुकड्याची सीडीवर चालेल अशी फाईल करायची, मूळ तुकडा पुसायचा आणि मग पुढचा घ्यायचा. एका तुकड्याला अख्खी दुपार जायची. हा तुकडा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्यात शेठची सवय एकच कॅसेट पुन्हा पुन्हा वापरायची. जयमालाच्या लग्नाच्या कॅसेटवर त्यांनी आदल्याच दिवशी राहुरीतलं एक बारसं घेतलं होतं. म्हणजे तो अंधार आता फक्त माझ्या समोरच्या फाईलमध्ये उरला होता. मी कळ दाबली की कायमचा गेला.

काका दारात बसून केबल गुंडाळत होते. ते उठून आत आले.

“शेठ, त्ये कापू नका.”

“अरे रंभाजी, दिसतंय काय त्यात? डोंबल?”

“मी हाय त्यात.”

शेठ हसले. “मग फोटो आण तुझा. शुभांगी बदामाच्या चौकटीत बसवून देईल, नवरा-नवरीच्या मधोमध.”

“बदामात नगं. मी काय बदामात उभा न्हवतो. पोरीपाशी उभा हुतो.”

अकरा वर्षांत काकांनी शेठना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. शेठचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

“सीडीवर नाव माझ्या दुकानाचं जातं, कळलं का?”

“मग नाव काढा.”

“आणि उद्यापासून येऊ नको म्हटलं तर?”

“न्हाई येत. पर त्ये ऱ्हाऊ द्या.” काकांचा आवाज चढला नव्हता, पण ते जागचे हललेही नाहीत. “लई लोकांच्या पोरींवर उजेड धरला, शेठ. माज्या पोरीसाटी एकदा खाली ठिवला. त्यो बिघाड न्हाई.”

शेठ माझ्याकडं वळले. “शुभांगी, काप ते.”

मला राग आला, आणि खरं सांगते, स्वतःचाच आला. तीन वर्षांत शेठच्या सांगण्यावरून मी काय काय कापलं होतं! रुसलेल्या आत्या कापल्या, पंगतीतली भांडणं कापली, एका नवरीचं रडणं लांबलं म्हणून तेसुद्धा कापलं. आताही माझा हात सवयीनं माउसवर गेला होता. अंधाराच्या दोन्ही टोकांना मी कापायच्या खुणा करून ठेवल्या होत्या. त्या काढून टाकल्या, आणि सगळा तुकडा अखंड सीडीच्या फाईलला लावून दिला.

“आता पाच तास याला मधे थांबवता येत नाही,” मी म्हणाले. धडधडीत थाप होती. थांबवायला एक कळ पुरत होती. पण शेठना कॉम्प्युटरवर आच्छादन घालण्यापलीकडं त्यातलं काही येत नव्हतं.

काकांनी गुंडाळलेली केबल टेबलावर ठेवली आणि पायऱ्या उतरून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

चार दिवसांनी जयमाला सासूबाईंना, छबूबाईंना, घेऊन सीडी न्यायला आली. सीडी दाखवूनच द्यायची अशी आमची पद्धत. पंचशील सुरू झालं आणि पडदा काळा झाला.

“अगं बया, बिघाडलीया का काय ही?” छबूबाई म्हणाल्या. “फुडं ढकला जरा.”

मी माउसला हात लावला नाही. जयमाला पडद्याजवळ सरकली.

“बिघाडली न्हाई, आत्याबाई. आप्पा हायेत आमचे.”

छबूबाई कान देऊन ऐकू लागल्या. तो मागं राहणारा आवाज त्यांनीही ओळखला असावा. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या काळ्या पडद्याला हात जोडले.

“जयभीम, पाव्हणं,” त्या म्हणाल्या.