लक्ष्मीपूजनाची मोजणी

बियाण्याला सणवार कळत नाही. जालन्यातल्या त्या बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत हरभरा वाळूच्या ट्रेमध्ये एकदा पेरला, की आठव्या दिवशी किती दाणे नीट उगवले ते मोजावंच लागतं. तो दिवस चुकला तर सगळी तपासणी वाया जाते. त्यामुळे ट्रे कधी भरायचे हे जो ठरवतो, त्याच्या हातात पुढच्या आठवड्यातला कुणाचा तरी एक दिवस असतो. प्रयोगशाळेचे प्रमुख मार्तंडसाहेब एरवी कॅलेंडर बघूनच ट्रे भरायला सांगत. फक्त दिवाळीच्या तोंडावर ते कॅलेंडरकडे बघत नसत. बघायची गरजच काय? दैवशाला होती ना.

दैवशाला मूळची परतूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. लग्न जमलं नाही, आणि मग जमवायचा नादच तिनं सोडला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. चाळिशी ओलांडलेली, कामाला चोख. दिवाळी म्हणा, संक्रांत म्हणा, जो दिवस कुणालाच नको तो आपसूक तिच्या वाट्याला येई. बरं, तिच्यावर कुणी डोळे वटारले असते तर तिला भांडता तरी आलं असतं. सगळे गोडच बोलत, ताई ताई करत, आणि सुट्टीवरून येताना डबा भरून फराळ आणत. त्या फराळाचा तिला मनातून संताप येई. चकल्या खाऊन दिवाळी साजरी होत असती, तर फरसाणवाल्याकडे बारा महिने दिवाळी असती.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. इतकी वर्षं भाड्याच्या खोलीत काढल्यावर तिनं स्वतःचं दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. उंबरठा स्वतःचा, दाराबाहेरचा कोनाडा स्वतःचा. आजवर ती दिवाळीच्या संध्याकाळी मोजणी उरकून परतायची तेव्हा सगळ्या गल्लीत उजेड असायचा आणि कुलूप चाचपायला तिच्याच दारात अंधार. यंदा ऐन मुहूर्ताला घरात असायचं, नवी केरसुणी पुजायची, कोनाड्यात पणती ठेवायची, एवढंच तिला हवं होतं. पण ते फार हवं होतं.

हरभऱ्याचे ट्रे भरून झाले, तेव्हा प्रयोगशाळेतल्याच वडीगोद्रीच्या भारतनं बोटं मोजली आणि आठवा दिवस लक्ष्मीपूजनालाच येऊन राह्यलाय असं सांगितलं. लगेच त्यानंच पुढे जोडलं, की ताई हायेत म्हणल्यावर काही टेन्शन न्हाई.

दैवशाला म्हणाली, यंदा आपल्याला जमणार नाही.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. मार्तंडसाहेबांनी काळजीनं विचारलं, भावानं परतूरला बोलावलंय का. ती म्हणाली, नाही, इथंच घरी आहे.

"मग घरी कोण वाट पाहतंय तुमची?" साहेब म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. नव्या घराचं सांगावं तर पणतीसाठी सुट्टी मागतेय असं व्हायचं. ती ट्रेवर तारखा लिहायला वळलेली पाहून साहेब नरमले आणि म्हणाले, ठीक आहे, मग अर्पिता करेल, तिचंही लग्न व्हायचंच आहे.

अर्पिता मंठ्याची, वर्षभरापूर्वी लागलेली. ती हसून म्हणाली, "करते की सर. मला काय, एकटीच तर आहे."

दैवशालाला सुट्टी मिळाली होती. संध्याकाळी बाजारात केरसुणी घेताना मात्र तिच्या कानात अर्पिताचंच वाक्य घुमत होतं. नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवाळीला ती स्वतःही हेच म्हणाली होती, असंच हसून. तेव्हा तो मोठेपणा वाटला होता. पुढच्या वर्षी ती सवय झाली, आणि त्यानंतर तिला कुणी विचारेनासंच झालं. तिनं केरसुणी पिशवीत घातली, पण मन काही थाऱ्यावर येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, मला सोडून अर्पिताला बसवू नका. याला सुट्टी न्हाई म्हणत. माझ्या पायातली बेडी तिच्या पायात घालून राह्यलात तुम्ही."

साहेबांनी समजावलं, की भारतला दोन लेकरं आहेत, बाकीच्यांचे संसार आहेत, दिवाळीला माणसाला घरी असावं लागतं.

"बराबर आहे," दैवशाला म्हणाली. "मंग मी काय गोदामात राहते का? घरी माझ्यासाठी भांडणारं कुणी असतं, तर तुम्ही त्या दिवशी ट्रे भरायला सांगितलेच नसते. भांडणारं कुणी न्हाई, म्हणून माझा दिवस तुम्हाला रिकामा दिसला."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. स्वच्छ चष्मा पुन्हा पुसला. मग कोण करणार, असं त्यांनी हळूच विचारलं.

"ज्यानं भरायला सांगितले, त्यानं मोजावं. पुढच्या सणापासून सगळ्यांच्या पाळ्या लावा, लग्न झालेल्याच्याबी अन् न झालेल्याच्याबी. माझी पाळी आली की मी बिनबोभाट येईन."

एवढं बोलून ती बाहेर आली. तिनं पुढच्या तपासणीसाठी वाळू चाळायला घेतली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी लक्ष्मीपूजनाला आपण स्वतः येणार असल्याचं सांगितलं. घरी त्यांच्या बायकोनं, जान्हवीवहिनींनी, त्यांची चांगलीच हजेरी घेतली असावी, कारण पुढचे दोन दिवस त्यांचा चेहरा पडलेला होता.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दैवशालानं उंबरठ्यावर हळदीकुंकू वाहिलं, केरसुणी पुजली, लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य दाखवला. कोनाड्यात पणती ठेवून ती जरा लांब जाऊन आपल्याच दाराकडे बघत उभी राहिली. डोळे भरून आले, ते तिनं पुसलेही नाहीत.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब होते. ट्रे अजून बरेच बाकी होते, मान धरली होती, घरून सारखे फोन येत होते. त्यांचा आवाज अगदी रडकुंडीला आलेला.

"तुम्ही जवळच राहता ना ताई? थोडा वेळ येऊन जाता का?"

सवय मोठी वाईट. "आले" म्हणायच्या आतच दैवशालाचा एक पाय चपलेत गेला होता. तिनं खाली पायाकडे पाहिलं, मग कोनाड्याकडे पाहिलं. तिला साहेबांची खरंच कीव आली. एवढ्या मोठ्या खोलीत सणाच्या दिवशी एकट्यानं रोपं मोजताना कसं वाटतं, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिनं पाय चपलेतून काढला.

"न्हाई जमणार, सर. घरी कुणीतरी वाट पाहून राह्यलंय."

"अरे वा. कोण आलंय?"

"मीच आले, सर. लई वर्षांनी."

मग साहेब "बरं" म्हणाले, आणि फोन ठेवण्याआधी, "शुभ दीपावली, ताई."

तिनंही त्यांना शुभेच्छा दिल्या, फोन आत नेऊन ठेवला आणि पणतीत तेल घालायला बाहेर आली.