पाठीवरची चेन

रविवारी दुपारी मुलगा जुना काउबॉयचा सिनेमा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाच टेलरमास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. एरवी याला घोडे-बंदुका बघवत नसत.

"सूनबाई कुठाय?"

"तिला काम आहे. म्हटलं, बाबांबरोबर बसू सहज."

सहज! दुकान बंद करा, आमच्याकडे राहायला या, हेच गोड बोलून गळी उतरवायला आलाय. दुकान म्हणजे खालची खोली आणि दोन मशिनं. एकावर मास्तर, दुसऱ्यावर बायको. ती गेली, तरी तिच्या सुईखालचं कापड त्यांनी काढलं नव्हतं.

सिनेमा तिच्या आवडीचा. दीडशे वर्षांपूर्वीची लढाई, आणि कप्तानाच्या बायकोच्या झग्याला पाठीवर चेन! पहिल्यांदा पाहताना ती ओरडलीच होती, "अहो, तेव्हा कुठली आली चेन?" तेव्हापासून घरात थापेला चेनच म्हणायचे. महिनाभर धूळ खाल्लेल्या शिपायांचे कोट कोरे करकरीत, हेही ती हसून दाखवायची. आणि शेवटी नायक एकटाच घोड्यावरून निघाला, की हातात असेल त्या चिंधीला डोळे पुसायची.

पडद्यावर कप्तानाची बायको वळली.

"चेन!" मुलगाच ओरडला.

मास्तर चपापले. हाही डावच असेल. "लक्षात आहे वाटतं तुझ्या?"

"शाळा बुडवली की आई दुसरं काय म्हणायची?"

"मग आता सांग, कशाला आलास?"

"सांगितलं ना, सहज."

"चेन."

मुलगा खाली बघू लागला. "दुकान बंद करा म्हणायला आलो होतो. जिना चढताना धाप लागते तुम्हाला."

"आणि जागेला गिऱ्हाईक बघून ठेवलंयस."

"नाही."

"चेन?"

"नाही हो बाबा!"

नायक घोड्यावरून निघाला. मुलाने घाईघाईने तोंड फिरवलं. मास्तरांनी त्याची पाठ वरून खालपर्यंत निरखून पाहिली. खांद्यापाशी शिवण उसवली होती आणि खांदा हलत होता.

"शर्ट काढ."

"आता? कशाला?"

"उसवलाय. चल खाली," मास्तर उठत म्हणाले. "आणि आईच्या मशिनवरचं ते कापड काढून ठेव. उजेड तिकडेच बरा असतो."