अध्यक्षांच्या फोनवर

धाकट्या साडूला एकच काम सांगितलं होतं: तोंड आवरायचं. थोरला साडू तीन आठवडे कोठडीत होता. दोघांनी मिळून संगणकावरचं नाणं बनवलं आणि थोरल्याने चौकात टेबल टाकून लोकांना ते समजावलं, एवढाच काय तो गुन्हा! आता सरकारच्या समितीने "यात फसवणूक दिसत नाही" असं लिहून दिलं, की जामीन मिळालाच म्हणून समजा, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या. "समितीपुढे विचारतील तेवढंच बोला. जास्तीचा शहाणपणा नको."

पण शहाणा माणूस शहाणपणा केल्याशिवाय राहील तर शपथ!

समितीचे अध्यक्ष म्हणजे भला माणूस बिचारा. तासभर मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "सगळं पटतंय हो, पण जे हातात येत नाही ते नाणं कसलं?"

झालं! धाकट्याच्या अंगात वारं शिरलं. कुणालाही पटवायची या दोघांची एकच रीत होती: समोरच्याच्या फोनवर एक नाणं पाठवून दाखवायचं. त्याने अध्यक्षांचा फोन मागून घेतला, त्यात ही नाणी ठेवायचं पाकीट बसवलं, आपल्या फोनवरून नाणं सोडलं. टिंग वाजलं. अध्यक्ष चक्क हसले.

"कुणी पाठवलं, कुणाला मिळालं, जगात कुठूनही दिसतं साहेब. लपवाछपवीला जागाच नाही!"

टोकाला बसलेल्या लेखनिक बाईंनी मान वर केली. "पाठवणारे म्हणून कोठडीतल्या गृहस्थांचं नाव दिसतंय."

पाकीट दोघांचं होतं. लोकांचा विश्वास बसावा म्हणून थोरल्याने ते स्वतःच्या नावाने जाहीर केलं होतं. धाकट्याने सवयीने तेच उघडलं होतं. मेला!

अध्यक्षांचा चेहरा उतरला. "म्हणजे आरोपीने मला पैसे दिले? काढा ते. आत्ताच्या आत्ता."

"तुम्ही परत पाठवू शकता साहेब. पण मिळाल्याची नोंद राहते."

"किती दिवस?"

"कायमची."

अध्यक्षांनी फोन लेखनिक बाईंकडे सरकवला. "लाच देऊ केल्याची तक्रार लिहून घ्या. दोघांवरही." मग हळूच म्हणाले, "माझा नाइलाज आहे हो. मलाही घरदार आहे."

बाहेर बाकावर थोरल्याची बायको बसली होती. धाकट्याने चाचरत सगळं सांगितलं. तिला रडूही आलं नाही.

"मग पुसा की ते, भाऊजी. तुम्हीच बनवलंय ना?"

"नाही पुसता येत, ताई. सरकारला नाही, आम्हालाही नाही. तसंच बनवलंय."

"असं कुणी सांगितलं होतं बनवायला?"

हट्ट थोरल्याचाच होता. त्यावरून दोघं महिनाभर भांडले होते.

"मी," धाकटा म्हणाला.

"वाटलंच," ती म्हणाली. "तरी मी यांना सांगत होते, भाऊजींच्या नादी लागू नका म्हणून."