हललेला फोटो

“बाई, तुमचं माहेर कुठचं हो?” यादवरावांनी मशीनला विचारलं.

सीटी स्कॅनच्या टेबलावर ते उताणे पडले होते, दोन्ही हात डोक्याच्या वर. मशीनमधून नुकताच एक शुद्ध मराठी आवाज आला होता : “दीर्घ श्वास घ्या. रोखून ठेवा. हलू नका.” काचेपलीकडच्या खोलीत प्रमोदिनीने कपाळाला हात लावला. तो आवाज तिचाच होता.

कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या त्या हॉस्पिटलात ती बरीच वर्षं स्कॅन काढत होती. मशीनमध्ये निरनिराळ्या भाषांतल्या सूचना भरून ठेवायची सोय होती, म्हणून एका रिकाम्या दुपारी तिने मराठी सूचनाही रेकॉर्ड करून टाकल्या. “ही भाषा बोलणारं इथे येणार कोण?” म्हणून बरोबरचे हसले होते. तेव्हापासून ती मराठी पेशंटची वाट पाहत होती. म्हणजे कुणी आजारी पडावं असं नव्हे. पण पडलाच तर इथे यावा.

आज आला होता. कामठीचे यादवराव, काही महिने लेकीकडे राहायला आलेले. मागच्या आठवड्यात, प्रमोदिनी रजेवर असताना, त्यांच्या छातीचा स्कॅन झाला, पण इंग्रजी सूचना ऐकून त्यांनी मशीनला आधी थँक्यू म्हटलं, मग बोलत राहिले. चित्र सगळं धूसर आलं. फुफ्फुसात खरंच डाग आहे की हलल्यामुळे उमटलेली नुसती सावली, हे डॉक्टरांना सांगता येईना. म्हणून आज पुन्हा.

इंग्रजी कळत नव्हतं म्हणून ते बोलले होते. मराठी कळत होतं म्हणून जास्तच बोलत होते.

“बाबा, ते रेकॉर्डिंग आहे!” प्रमोदिनीशेजारून त्यांची लेक कोमल माइकवर ओरडली. ती ऑफिसची मीटिंग स्किप करून आली होती.

“रेकॉर्डिंग असो. मागं मानूस तर असन ना?” यादवराव छताकडे बघत म्हणाले. “पुन्याच्या दिसता बाई. आवाजातच ‘बेल एकदाच वाजवा’ ऐकू येते.”

प्रमोदिनी पेठेतली नव्हती, कोथरूडची होती. पण हे सांगायची ती वेळ नव्हती. एक्स-रे न सोडता तिने नुसती तालीम घेतली. पुन्हा घेतली. दर वेळी मशीनने ‘रोखून ठेवा’ म्हटलं की यादवराव आज्ञाधारकपणे म्हणायचे, “ठेवतो.”

शेवटी ती आत गेली. “काका, थोडा वेळ गप्प राहायचंय फक्त.”

“राह्यतो ना. मले काय तकलीफ आहे?”

“मग बोलता का?”

“तुमी बोलता म्हनून. समोरच्यानं बोलावं आन् आपन उत्तर देऊ नये, हे बरं दिसते का?”

तिने त्यांना उठवून स्क्रीनपाशी नेलं आणि मागच्या आठवड्याचं चित्र दाखवलं. बरगड्यांना दुहेरी कडा होत्या, हृदय पुसल्यासारखं पसरलं होतं. यादवरावांनी चष्मा लावला आणि त्यांचा चेहराच बदलला.

“हा फोटो कोनी काढला? हलला आहे ना!”

“तुम्ही हललात, काका.”

“मी?”

“बाबांचा कामठीला फोटो स्टुडिओ होता,” कोमल म्हणाली. “अर्ध्या गावाला ‘हलू नका’ म्हणून ओरडलेत ते.”

यादवराव खजील होऊन बसले. “नवरदेवांले दम दिला आहे मी. एका इन्स्पेक्टरची त मान धरून सरळ केली होती. आन् माहाच फोटो असा?” ते उठले. “कंगवा आहे का कोनापाशी?”

“काका, छातीचा फोटो आहे.”

“असू द्या.”

कोमलने पर्समधून कंगवा दिला. नीट भांग पाडून ते टेबलावर आडवे झाले. मशीन बोललं, यादवरावांनी छाती भरून श्वास घेतला आणि असे निश्चल झाले, की प्रमोदिनीने काळजीने काचेतून डोकावून पाहिलं. ‘सोडा’ म्हटल्यावर आधी लांब सुस्कारा आला आणि त्याच्या मागोमाग, “आला का?”

आला होता. बरगड्या रेखीव, रक्तवाहिन्यांच्या बारीक बारीक फांद्या स्वच्छ. आणि डागही. सावली नव्हतीच ती. लहानसा, काटेरी कडांचा डाग. असे डाग प्रमोदिनीने पुष्कळ पाहिले होते.

“क्लिअर आहे?” कोमलने विचारलं.

“फोटो क्लिअर आलाय. बाकी डॉक्टर सांगतील. आम्हाला काही सांगता येत नाही गं.”

जावयाचा थंडीचा जाडजूड पार्का चढवून यादवराव बाहेर आले, तेव्हा बाह्यांतून त्यांची फक्त बोटं दिसत होती. कॉरिडॉरच्या खिडकीपाशी त्यांनी फोन काढला. “तुमी माहा फोटो काढला, आता माहा हात पाहा. उजेडाकडं तोंड करा. हनवटी खाली. हसा.”

प्रमोदिनी हसली. पेशंटना निरोप देताना रोज हसायची तशीच, बेताने.

यादवरावांनी फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा केला. आयुष्यभर ते चेहरेच पाहत आले होते. त्यांनी स्क्रीनवरचे डोळे पाहिले, मग समोरचे.

“हलला का, काका?”

“नाही बाई. तुमी नाही हलल्या,” ते हळूच म्हणाले. “लय जोर लावला तुमी.”

लिफ्टचं बटण दाबून कोमल परत आली. “काय झालं, बाबा?”

“काय होते? मस्त आला फोटो.” त्यांनी फोन खिशात टाकला, प्रमोदिनीला हात जोडून जय भीम केला आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले. “येताना त्या बस ड्रायव्हरले मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, लेकरं किती. त सांगेच ना तो! आता जाताना मराठीतच विचारतो...”

लिफ्टचं दार मिटलं. आतून त्यांचं बोलणं ऐकू येत राहिलं, आणि त्यावर कोमलचं हसणं.