लिंबोणीचं औषधपाणी

आमच्या इमारतीत कुणी आजारी पडलं, की काय झालंय हे कुणी विचारत नाही. सरळ औषध घेऊन दार वाजवतात. मला साधा खोकला झाला होता, तेव्हा घरात इतके काढे जमले की त्यांच्या धाकानेच खोकला पळाला. पण माणसाला निदान दार लावून घेता येतं. गच्चीवरच्या लिंबोणीला दार नव्हतं.

ही लिंबोणी मी बी पेरून वाढवलेली. आम्ही भाड्याची घरं बदलत गेलो, तशी तीही डब्यातून बादलीत आणि बादलीतून निळ्या ड्रममध्ये आमच्यामागे फिरली. बीपासून वाढवलेलं झाड फार वाट पाहायला लावतं. यंदा कुठे तिला पहिली फुलं आली, आणि नेमकी तेव्हाच नवी पानं पिवळी पडायला लागली. पान सगळं पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या.

सेक्रेटरींनी जिन्यात पाटी लावली होती. गच्ची शंभर टक्के सेंद्रिय, पाहुणे बघायला येतात, म्हणून महिनाअखेरीस पाहणी होईल. ज्या ड्रममधलं झाड पिवळं दिसेल तो ड्रम कचऱ्याच्या गाडीत जाईल. मी त्यांना भेटून थोडी मुदत मागितली.

"वहिनी, ही गच्ची आहे, दवाखाना नाही," ते म्हणाले.

खाली सगळीकडे फरशी. लिंबोणी लावायला वीतभर माती नव्हती. म्हणजे गाडीत गेली की संपलीच.

ही बातमी जिन्यातून खाली उतरली आणि मदत जिन्यातून वर चढायला लागली. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बेकरीच्या भट्टीतली राख चाळून आणायच्या. समोरचे शिंपीकाका अंड्यांची टरफलं मिक्सरमधून काढून ड्रममध्ये घालायचे. घरी त्यांच्या चहाला अंड्यांचा वास यायला लागला तरी त्यांनी हात आखडता घेतला नाही. तळमजल्यावरचा रंगारी भिंतीचा उरलेला चुना देऊन गेला. पिवळं पडलं म्हणजे चुना कमी पडला, यावर तिघांचं एकमत होतं. आमच्या इमारतीत एकमत क्वचितच होतं, त्यामुळे मीही फार शंका घेतली नाही.

लिंबोणी आणखी पिवळी पडली. मदत आणखी वाढली.

शेवटी लेक आली. ती पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिने चमचाभर माती स्वच्छ पाण्यात ढवळली, वरच्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवली. पट्टी गडद निळी झाली. तिने कपाळाला हात लावला. मातीचा सामू, म्हणजे पीएच, पार चढलाय, म्हणाली. लिंबोणीला किंचित आंबट माती लागते आणि इथे तर भिंत रंगवता येईल इतका चुना झालाय. मातीत लोह आहे, पण अशा मातीतून मुळांना ते उचलताच येत नाही. भरलेल्या ताटासमोर बसवायचं आणि हात मागे बांधायचे, तसं चाललंय.

मग ती वरची माती काढायला लागली, तर मातीत पांढऱ्या गोळ्या सापडल्या. अर्धवट विरघळलेल्या.

"बाबा, या तुमच्या गुडघ्यांच्या कॅल्शियमच्या ना?"

आमचे हे टाकीवरच्या कावळ्याकडे बघत होते. "गुडघ्यांना सवय झालीय," ते म्हणाले. "तिला जास्त गरज होती."

डॉक्टर गोळ्या वाढवत होते आणि गुडघे का बरे होत नाहीत, ते मला त्या दिवशी कळलं.

वरची माती काढून आम्ही कुजलेला पालापाचोळा भरला, लेकीने बेताचा गंधक मिसळला. आमच्या नळाच्या पाण्यातही चुनाच, बादलीला पांढरी पुटं चढतात. ते बंद करून साठवलेलं पावसाचं पाणी द्यायचं ठरलं. गंधक बघून सेक्रेटरी धावत आले, की हे रसायन आहे. लेकीने समजावलं, हा जमिनीतून खणून काढतात, सेंद्रिय शेतीत चालतो. ते म्हणाले, खणून तर दगडही काढतात. पण गेले.

पिवळी झालेली पानं काही परत हिरवी होणार नाहीत, नवी फुटतील तेव्हाच खरं, असं लेक बजावून गेली. आणि मुख्य म्हणजे कुणाला काही घालू देऊ नकोस.

हेच अवघड होतं. मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्या राखेत खोट आहे?" आणि दुसऱ्या दिवशी आणखी बारीक चाळून आणली. शिंपीकाकांना दोष राखेचा आहे हे पटलं. राखेवर उतारा म्हणून ते टरफलं वाढवणार होते.

मी खूप विचार केला. या लोकांची मदत थांबणार नाही, वळवावी लागेल. घरातल्या लांब झाडूचा दांडा काढला, कोपऱ्यातल्या रिकाम्या ड्रममध्ये माती भरून रोवला आणि त्याला पाटी बांधली: अत्यवस्थ. लिंबोणीला दुसरी पाटी: सुधारणा आहे, भेटण्यास मनाई.

संध्याकाळपर्यंत दांड्याभोवती राखेचं कडं झालं. कशाचं झाड, हे कुणी विचारलं नाही. आजारी आहे एवढं पुरे होतं. रंगाऱ्याने त्याला ऊन लागू नये म्हणून पोत्याची सावली केली. आमचे हेही एकदा खिशात हात घालून तिकडे निघाले होते. मी हात धरून परत आणलं आणि गोळी पाण्याबरोबर त्यांच्या घशाखाली उतरवली. काही दिवसांनी शिंपीकाका मला म्हणाले, आता जरा तरतरी दिसतेय, नाही?

पाहणीचा दिवस आला. लिंबोणीच्या शेंड्याला हिरवी पालवी फुटली होती, पण खालची पानं तशीच पिवळी. सेक्रेटरींच्या पाटीप्रमाणे ती जाणारच होती. सेक्रेटरी गाडीवाल्याला घेऊन आले आणि सुरुवात कोपऱ्यापासून केली.

"याला तर एकही पान नाही. उचला."

मुख्याध्यापिकाबाई ड्रमसमोर उभ्या राहिल्या. नापास मुलालाही पुन्हा परीक्षेला बसू देतात, म्हणाल्या. शिंपीकाकांनी विचारलं, तुमच्या घरी कुणी खाटेवर पडलं तर गाडी बोलावता का? रंगारी सरळ ड्रमच्या काठावर जाऊन बसला. सेक्रेटरींनी दांड्याला हात लावून पाहिला. वरच्या टोकाला झाडू अडकवायचं भोक होतं, ते त्यांना दिसलं असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा करत राहिले.

सगळ्या इमारतीसमोर, मी झाडूच्या दांड्यावरून भांडतोय, असं सांगायची त्यांना लाज वाटली. आजारी झाडांना बरं होईपर्यंत मुदत, असं त्यांनी जिन्यातल्या पाटीवर स्वतःच्या हाताने लिहिलं. एका झाडाला दिली म्हटल्यावर दुसऱ्यालाही द्यावी लागली.

लिंबोणीला आता वाटाण्याएवढी लिंबं धरलीत. तिच्याकडे कुणी बघत नाही. सगळे आल्यागेल्याला कोपऱ्यातला ड्रम दाखवतात आणि तो कसा वाचवला ते सांगतात.

मी मात्र अजून कमरेत वाकून झाडते. ह्यांनी परवा विचारलं, दांडा आता काढायला काय हरकत आहे? काढला असता. पण वर गेले, तर मुख्याध्यापिकाबाई त्याला पाणी घालत होत्या.