मशीनसमोरचं पहिलं तोंड

आधीच सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. आमच्या ग्रामदेवीची शपथ, तिच्या पालखीची शपथ, आणि ज्या तव्यावर मी बांगडे भाजते त्या तव्याचीसुद्धा शपथ. वाडीत मला थापाडी चंपा म्हणतात. बिबट्यानं माझी छत्री पळवली होती हे अजून कोणी मानत नाही. नका मानू. ती गोष्ट वेगळी, ही वेगळी. ही मी नातीच्या जुन्या वहीतल्या कोऱ्या पानांवर लिहितेय. तिची वही माझ्याकडे का राहिली, तेही येईल पुढे.

रत्नागिरीच्या बाहेर, आमच्या वाडीपासून वीस मिनिटं चालत गेलं की काजूचा कारखाना. साठ बायका आम्ही. बी फोडतो, गर सोलतो. मी तेवीस वर्षं, माझी सून तेजल सहा वर्षं. पूर्वी हजेरी वहीत लागायची. मुकादमाला कुळथाची पिठी नेऊन दिली की उशिरा आलेलीसुद्धा वेळेवर आलेली व्हायची. मग दोन वर्षांमागे मालक म्हणाला, आता सगळं डिजिटल. वही बंद, पाकिटातला पगार बंद, पैसे थेट बँकेत. पहिल्यांदा अंगठ्याचं मशीन आणलं. पण काजूच्या चिकानं आमच्या बोटांवरच्या रेघा कधीच खाल्लेल्या. निम्म्याहून जास्त बायकांचा अंगठा त्याला दिसेचना. म्हणून मग तोंडाचं मशीन आलं.

दारातल्या खांबावर पाटीएवढी काच. समोर उभं राहायचं. तोंड ओळखलं की हिरवा दिवा लागतो आणि आतली बाई म्हणते, "धन्यवाद." नाही ओळखलं की लाल.

पहिले आठ दिवस काय मजा! बायका पावडर लावून यायच्या. हौसा त्या आतल्या बाईला रोज विचारायची, "बाय माझे, तुला पगार किती गो?" दादू वॉचमननं मिशी काढली तर त्याचं तोंड मशीनला पटेना. ओठावर बोट आडवं धरलं तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला. सगळ्या बायकांना समोर उभं राहायला शिकवलं ते माझ्या तेजलनं. मलाही तिनंच शिकवलं. "आई, पदर मागं घ्या. हनुवटी वर. हसू नका, ते काय नवऱ्याकडचे बघायला आलेले नायत."

दसऱ्याला आम्ही अवजारांबरोबर मशीनलाही हळदकुंकू वाहिलं. हौसानं ते नेमकं काचेवरच फासलं. दुसऱ्या दिवशी सगळ्याच लाल! सुपरवायझर नितेशनं डोकं धरलं. तेजलनं रुमाल ओला करून काच पुसली तेव्हा आम्ही आत गेलो.

तेव्हापासून एक रीत पडली. कोणी पाडली ते सांगता येत नाही, पण पडली. मशीनसमोर सकाळचं पहिलं तोंड सवाष्णीचं. दिवसाची बोहनी चांगली झाली की दिवसभर गर अख्खा निघतो म्हणे. पहिली कोण? मी. सगळ्यांत जुनी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मला तो मान आवडायचा, खोटं कशाला सांगू.

मे महिन्यात माझा विनोद कलमावर आंबे काढायला चढला आणि फांदीसकट खाली आला. डॉक्टरनं हात लावून पाहिलं आणि मान हलवली. सदतीस वर्षांचा मुलगा. त्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही, मला जमत नाही.

तेजलच्या बांगड्या मीच फोडल्या. कुंकू मीच पुसलं. नात मनाली, सात वर्षांची, दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आजी, आईनं काय केलं?"

सव्वा महिन्याची रजा संपवून तेजल कामावर निघाली. तिचा भाऊ रितेश वसईहून फोन करत होता, तिथे ये, घरकामं मिळतील. ती म्हणाली, "नाय रे. मनालीची शाळा हिथं हाय, आजी हिथं हाय. माझं काम हाय तोवर मी खय जात नाय." एवढंच होतं मधे. तिचं काम राहिलं तर माझी नात माझ्या घरात राहणार होती.

पहिल्या दिवशी ती माझ्यामागे दुसरी उभी राहिली. हौसा पुढे झाली.

"वयनी, सुनेला जरा मागं घ्या. सकाळच्या पारी आमी कुणाचं तोंड बगायचं?"

"तोंडाला काय झालंय माज्या?" तेजल म्हणाली.

"तुज्यावर राग नाय गो बाय. पण रीत ती रीत. थोडे दिस."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "जा गो मागं. वाईट दिसतं."

ती गेली. साठावी.

आता मशीनचा नियम ऐका. आठला सुरू, साडेआठला आपलं आपण बंद. आमच्याकडे रेंज अशी की एकेका तोंडाला अर्धं अर्धं मिनिट. शेवटच्या बाईची पाळी येईपर्यंत काच काळी झालेली असायची. पूर्वी ती शेवटची रोज वेगळी असायची, आता रोज तेजल. नितेश म्हणायचा, "तू काम कर, मी वरती कळवतो." वरती म्हणजे पुण्याच्या ऑफिसला. ती दिवसभर बी फोडायची, आणि पुण्याला ती गैरहजर. महिन्यात दहा दिवस गैरहजर झालं की नाव आपोआप जातं, हे नितेशनं तिला चौथ्या दिवशीच सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी ती पडवीत माझ्यासमोर बसली. हातात नुसती सुपली धरलेली, पाखडत काहीच नव्हती.

"आई, एक दिस मला तुमच्यामागं उभं करा. एकदा तुमी केलंत की कोण काय बोलणार नाय. तुमचं ऐकतात सगळ्या."

"आणि कुणाला काय झालं म्हणजे? बोट कापलं, कोण आजारी पडलं? नाव तुझंच येईल."

"मशीन मला वळखतं, आई. तुमीच वळख देत नाय."

आमचे हे, महिपत, देवापुढं वात लावत होते. मागे न बघता म्हणाले, "तिला पुढं घे गो. तो विनोद वरनं बगतोय."

मी भांडी घासायला उठले.

पाचवा दिवस गेला, सहावा गेला. आठव्या दिवशी बाकीच्या बायकांचे फोन टिंग टिंग वाजले, पगार जमा झाल्याचे. तेजलनं आपला फोन काढून पाहिला आणि परत कमरेला खोचला. दहावा दिवस गेला.

अकराव्या दिवशी मी मशीनसमोर पहिली उभी होते, आणि मला काय झालं कोण जाणे. मी रांग सोडली. सगळ्यांच्या देखत मागे चालत गेले, तेजलचा हात धरला आणि तिला पुढे आणलं. हौसानं तोंड उघडलं तशी मी म्हटलं, "हौसे, मशीनच्या कपाळाला कुंकू चालतं, आणि माझ्या सुनेचं कपाळ चालत नाय काय गो?" दादूनं विडी विझवली. मी तेजलचा पदर मागे घेतला, तिची हनुवटी वर केली, तिनं मला शिकवलं होतं तशी.

लाल दिवा लागला.

नितेश धावत आला, बटणं दाबली. मग खाली बघून म्हणाला, "चंपाकाकी, नाव कालच गेलं. दहा भरले ना."

"ती रोज आलेय रे! तुझ्या डोळ्यांदेखत आलेय."

"मला दिसलीय, काकी. सिस्टीमला नाय दिसली."

रविवारी रितेश गाडी घेऊन आला. दोन पिशव्या आणि शाळेचं दप्तर. मनाली गाडीतून ओरडली, "आजी, बिबट्याची गोष्ट अर्धी राहिली!" तिची गणिताची वही कपाटावर राहिली होती, ती मला नंतर सापडली. तेजल माझ्या पाया पडली. उठताना म्हणाली, "सकाळी पदर मागं घ्यायला इसरू नका, आई. तुमचं तोंड अंदारात येतं." आणि गेली.

मशीनवर माझा राग नाही. त्याला सवाष्ण कळत नाही, विधवा कळत नाही, अपशकुन तर नाहीच नाही. दहा दिवस ते तिची वाट बघत उभं होतं. तिच्यात आणि त्याच्यात एकोणसाठ बायका होत्या.

देवीची शपथ घातली आहे, म्हणून आता सांगावंच लागेल. एक गोष्ट मी रचली. अकराव्या दिवशी मी रांग सोडली नाही. हौसाला काही बोलले नाही. मी पहिली उभी राहिले, हिरवा दिवा घेतला, आत जाऊन पाटावर बसले आणि बी फोडायला लागले. तेजल रोजच्यासारखी शेवटी आली. त्या दिवशी एक बाई रजेवर होती, रेंजही बरी होती, म्हणून कधी नव्हे ते काच चालू असताना तिचा नंबर लागला. लाल दिवा तिनं एकटीनं पाहिला. नितेश जे बोलला ते मी आतून ऐकलं. मी मान वर केली नाही. बाकी सगळं खरं आहे.

गेल्या महिन्यात हौसाचा नवरा गेला. येत्या सोमवारी ती कामावर येतेय. बायकांनी आतापासून ठरवलंय की तिला शेवटी उभं करायचं. माझ्या मनातली एक चेटकीण म्हणते, बरी खोड मोडली, राहू दे उभी. काल मी हौसाच्या घरी गेले होते. ती पदर पुढे ओढून कोपऱ्यात बसली होती. मला बघून म्हणाली, "वयनी, मी येऊ ना गो कामाला?"

म्हणून संपादकसाहेब, हे रविवारच्या पुरवणीतच छापा. आमच्या वाडीत पेपर चहाच्या टपरीवर येतो आणि सगळे वाचतात. एकदा वाचलं की सोमवारी मला भांडी घासायचं निमित्त करता येणार नाही. वर जी रचलेली गोष्ट आहे ती वाचून अख्खी रांग माझ्या हाताकडे बघत राहील, तो हौसाला पुढे आणतो की नाही. वसईलाही एक अंक पाठवा, पत्ता सोबत दिला आहे.

दार सोमवारी आठला उघडतं.