समासातला माळी

ग्रंथपाल निर्मलाने चपला घालूनच आत या, म्हणून सांगेपर्यंत म्हाताऱ्याने त्या दाराशी जोडून ठेवल्या होत्या. देवघेवीच्या टेबलापासून दोन हात अंतरावर तो उभा राहिला. सप्टेंबर संपत आला होता. डहाणू रोडच्या त्या वाचनालयात वर्तमानपत्रं वाचणारे तिघेजण आणि पंख्याची घरघर एवढंच काय ते चालू होतं. निर्मलाच्या पुढ्यात तेवीस पुस्तकांचा ढीग होता आणि ढिगाशेजारी यादी. यादीचा मथळा होता ‘निर्लेखन’. पुस्तकं रद्दीत घालायची असली की कार्यालयात हा शब्द वापरतात.

म्हाताऱ्याने आपलं नाव झिपरू असल्याचं सांगितलं. तलासरीपलीकडच्या पाड्यावरून तो पहाटे निघाला होता. केरसी शेठच्या वाडीत तो एकेचाळीस वर्षं माळी होता. शेठ वारले तेव्हा त्यांची बुकं इथे दिली असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. वाडी मागाहून, तीन वर्षांपूर्वी विकली गेली.

“बाय, त्या बुकातून मना येक बघायचं हाय,” तो म्हणाला.

निर्मलाने ढिगाकडे पाहिलं. त्याला हवी होती ती हीच तेवीस. द्राक्षाची लागवड, घरच्या घरी वाइन कशी करावी, वेलीचे रोग, नाशिककडच्या शेतकरी मेळाव्यांतल्या पुस्तिका, आणि एका प्रशिक्षण वर्गाची सायक्लोस्टाइल केलेली टिपणं. सात वर्षांपूर्वी ती खोक्यांतून आली तेव्हा तिनेच त्यांना क्रमांक घातले होते, तिनेच शेवटच्या पानावर तारखेची पट्टी चिकटवली होती. तेवीसही पट्ट्या कोऱ्या होत्या. चिकूच्या गावात द्राक्षं कोण लावणार? पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेलं पुस्तक काढून टाकायचं, हा वाचनालयाचा नियम होता. चिटणीस मनिषभाईंनी तर यादी वाचून हसून घेतलं होतं. “निर्मलाबेन, आपलं वाचनालय हाय का गुत्ता? शनिवारी टेम्पो येल. सगळी जाऊ दे ने.”

म्हाताऱ्याने मग आपली अडचण सांगितली, आणि ती सांगताना तो तिच्याकडे न पाहता ढिगाकडे पाहत राहिला. वाडी विकली जाण्याआधी त्याने शेठच्या वेलीची एक काडी पाड्यावर आणून लावली होती. वाडीतला मांडव नव्या मालकाने तोडला. आता ती एकच उरली. वेल तिसऱ्या वर्षात आली होती. या खेपेला छाटणी बरोबर झाली तर घड लागतील. चुकली तर नुसता पाला, आणि पुढच्या वर्षी छाटायला आपण असू की नाही याचा त्याला भरवसा नव्हता. पण छाटणी कधी करायची आणि काडीवर किती डोळे ठेवायचे, हे त्याच्या डोक्यातून निघून गेलं होतं. पानाच्या बगलेत जो कोंब दडलेला असतो त्याला डोळा म्हणतात, हे त्याने निर्मलाला बोटाच्या पेरावर दाखवलं. तेवढं शाबूत होतं. हल्ली असंच होतं, म्हणाला. सून हाक मारते ती ऐकू येते, पण कोण हाक मारतं ते उमगायला वेळ लागतो.

“शेठ माझं इचारून बुकात लिवायचा. मीच सांगितलेलं, पण माझ्याकडं राहिलं नाय. त्याच्याकडं असंल.”

निर्मलाने वरचं जाड इंग्रजी पुस्तक उघडलं. इंग्रजी तिला बेताचंच येत होतं. पण छापील मजकुराभोवतीच्या समासात बारीक, डावीकडे झुकलेलं गुजराती अक्षर होतं, आणि चौथीपर्यंत ती गुजराती शाळेत होती, कारण घराजवळ तीच शाळा होती. सव्वीस वर्षं तिने पुस्तकांच्या पहिल्या आणि शेवटच्या पानांवर शिक्के मारले होते. मधली पानं वाचकांची, असं ती मानत आली होती. आज ती पहिल्यांदाच दुसऱ्याच्या समासात शिरली.

छाटणीच्या प्रकरणात विलायती लेखकाने सांगितलं होतं की ऐन हिवाळ्यात, जानेवारीत, वेल झोपलेली असताना ती छाटावी. समासात शेठने लिहिलं होतं: ‘झिपरू म्हणतो, इकडे वेल झोपतच नाही. मी ऐकलं नाही.’ खाली दुसऱ्या शाईत: ‘दुसरं वर्ष. जानेवारीत छाटली. फक्त पाला.’ त्याखाली पुन्हा: ‘तिसरं वर्ष. फक्त पाला. झिपरू काही बोलला नाही.’ आणि पानाच्या तळाशी, जागा पुरेना म्हणून आडवं: ‘झिपरूच्या हिशेबाने छाटली. भाताला रंग चढला आणि पहाटे कुडावर दव धरलं की सात दिवस मोजायचे. आठव्या दिवशी छाटायचं. पाच डोळे सोडून सहाव्यावर काट. एकशे दहा घड.’

ती वाचत गेली तसा म्हातारा खाली बसला, फरशीवरच, आणि मान हलवू लागला.

“व्हय. बोललो व्हतो मी.” मग पुस्तकाकडे बघत, “शेठ हट्टी व्हता. पण लिवलंन खरं.”

निर्मलाने पुढची पानं चाळली. वाइनच्या प्रकरणात थंड तळघर हवं असं छापलं होतं. समासात लिहिलं होतं की झिपरूने काचेची बरणी सुंभाच्या जाळीत बांधून विहिरीत सोडली आणि चार महिन्यांनी अलगद वर काढली. कुठल्या पानावर भुरी रोगाच्या चित्राशेजारी झिपरूचं मत, कुठे वटवाघळांवरचा त्याचा उपाय. त्या एका पुस्तकात त्याचं नाव एकतीस वेळा आलं होतं. तिने मोजलं.

तिची आई, सोनूबाई, वाऱ्याचा रंग ओळखायची. बांबूंच्या मांडवावर बोंबील कधी टांगायचे आणि कधी उचलायचे हे ती नुसती दारात उभी राहून सांगायची, आणि किनाऱ्यावरच्या इतर बाया तिच्या मांडवाकडे बघून आपलं ठरवायच्या. आई गेली त्या वर्षी घरचे बोंबील दोनदा कुजले. तिला कुणी काही विचारून लिहून ठेवलं नव्हतं. निर्मलाला लिहिता येत होतं, पण तिने विचारलं नव्हतं.

तिने सभासदत्वाचा अर्ज काढला. म्हाताऱ्याला वाटलं, काहीतरी चुकलं. त्याने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आधार कार्ड पुढे केलं, सांगितलं तिथे अंगठा उठवला. अनामत तिने स्वतःच्या पाकिटातून भरली. एका सभासदाला एका वेळी एक पुस्तक. कर्मचाऱ्याच्या नावावर एकही नाही. हे दोन्ही नियम तिने सव्वीस वर्षं मोडले नव्हते आणि आज मोडण्याचा तिचा विचार नव्हता. तिने ते जाड पुस्तक निवडलं, कोऱ्या पट्टीवर तारखेचा शिक्का मारला आणि यादीतली त्या नावाची ओळ पट्टीने सरळ रेघ मारून खोडली.

“मी काय करू ह्याचा? मना वाचाया नाय येत.”

“घरी ठेवा, बाबा. पंधरा दिवसांनी आणून द्या, मी परत तुमच्या नावावर लिहीन.”

त्याने पुस्तक दोन्ही हातांत घेतलं, मूल घ्यावं तसं नव्हे, ओली विटकर धरावी तसं, अंगापासून थोडं दूर.

शनिवारी टेम्पो आला. बावीस पुस्तकं गेली. मनिषभाईंनी खोडलेली ओळ पाहिली, रजिस्टरात सभासदाचं नाव पाहिलं, आणि म्हणाले, “वाइनचं पुस्तक नेलं, आणि अंगठा?” निर्मला म्हणाली की नियमात सही किंवा अंगठा हवा असं आहे, वाचता आलं पाहिजे असं नाही. मनिषभाई नियमाचे माणूस होते. त्यांनी रजिस्टर मिटलं.

पंधरा दिवस झाले, वीस झाले. मुदत उलटलेल्या पुस्तकांसाठी वाचनालयातून पोस्टकार्ड जात असे. तिने ते लिहायला घेतलं आणि ठेवून दिलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी, वाचनालयाच्या सुटीच्या दिवशी, ती तलासरीला बसने गेली आणि तिथून अच्छाडकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसली. चेकनाक्याआधी ट्रकांची रांग लागली होती. रांगेच्या अलीकडेच जीपवाल्याने तिला उतरवलं. तिथून पाड्यापर्यंतची वाट कापलेल्या भाताच्या खाचरांमधून जात होती. काही खाचरांत भारे अजून पडून होते.

झिपरूची सून, जमना, अंगण सारवत होती. वाचनालयातली बाई आली म्हटल्यावर ती घाबरली. आत जाऊन तिने आढ्याला टांगलेली पिशवी काढून आणली. पुस्तक प्लास्टिकच्या तीन वेष्टनांत होतं.

“कोनाला हात लावू दिला नाय,” जमना म्हणाली. मग आवाज उतरवून तिने सांगितलं की गेले पंधरा दिवस सासऱ्याचं काही खरं नाही. रोज पहाटे कुडावरून हात फिरवतो, हात बघतो, कात्री घेऊन वेलीपाशी जाऊन उभा राहतो, आणि उन्हं वर आली की तसाच परत येतो.

निर्मलाने विचारलं, दव कधीपासून पडायला लागलं. जमनाने बोटं मोजली. गेल्या सोमवारपासून.

म्हातारा परसात होता. चार बांबूंवर वेल पसरली होती, पानं गर्द, करंगळीएवढ्या जाडीच्या काड्या. त्याने निर्मलाकडे पाहिलं आणि आदराने बाजूला सरकला. तिला त्याने ओळखलं नव्हतं. निर्मलाने ओळख दिली नाही. उलट्या ठेवलेल्या पाटीवर बसून तिने पुस्तक उघडलं आणि तिची आई दारातून वाऱ्याची वर्दी द्यायची तशा साध्या आवाजात समासातल्या ओळी मराठीत वाचल्या. भाताला रंग. कुडावर दव. सात दिवस. आठव्या दिवशी, पाच डोळे सोडून, सहाव्यावर.

त्याने पुन्हा वाचायला सांगितलं. तिने वाचलं. त्याने डाव्या हाताने एक काडी धरली, अंगठा तिच्यावरून खाली सरकवत नेला, पाच ठिकाणी क्षणभर थांबला, आणि कात्री मिटली. हात कुठेही अडखळला नाही. दुसरी काडी, तिसरी. बुंध्याशी पाल्याचा ढीग वाढू लागला. जमना हातातलं शेण तसंच धरून दारात उभी होती.

अर्धी वेल झाली तेव्हा त्याने मागे न वळता विचारलं, “बरोबर सांगितलंय बुकात. कोनी सांगितलं?”

निर्मलाने समासावर बोट ठेवलं. जमनाने तिच्याकडे पाहिलं.

“झिपरू म्हणून एक माळी होता,” निर्मला म्हणाली.

“व्हय?” त्याने पुढची काडी धरली. “येलीचं कळत व्हतं त्याला.”

तो पुन्हा कामाला लागला. निर्मलाने पर्समधून रुमालात गुंडाळलेला तारखेचा शिक्का आणि शाईचं पॅड काढलं, पुस्तक मांडीवर सपाट धरलं आणि पट्टीवर पहिल्या तारखेखाली दुसरी तारीख उठवली. शाई वाळेपर्यंत तिने पान मिटलं नाही. समोर, पहिल्यांदा कापलेल्या काडीच्या टोकाशी पाणी जमत होतं. थेंब मोठा झाला, थोडा वेळ तिथेच राहिला, आणि म्हाताऱ्याने कात्री न थांबवता दुसऱ्या हाताचं बोट त्याच्याखाली धरलं.